शेवटचें प्यादें

बुद्धिबळाचा पट मांडला म्हणजे पाहणाराची नजर प्रथम घोड्यावर, हत्तीवर, वजिरावर जाते. पुढील रांगेंत उभीं असलेलीं आठ प्यादीं म्हणजे जणूं वाड्यापुढचें कुंपण, अशाच भावनेनें तीं पाहिलीं जातात. परंतु डाव जसजसा सरतो, हत्तीशीं हत्ती आणि वजिराशीं वजीर कटतो, तसतसा पट ओस पडत जातो, आणि पुष्कळ वेळां अखेरीस त्यावर तीनच जीव शिल्लक राहतात : दोन राजे व एक प्यादें. येथवर आलेला डाव संपलाच असें समजून पोरसवदा खेळाडू पट आवरावयास घेतात. जाणत्यांची परीक्षा मात्र येथेंच सुरू होते.

या तीन मोहऱ्यांच्या डावाला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत महाराष्ट्राचाही वांटा आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. घोड्याची चाल जगभर एकच राहिली. परंतु दोन राजे आणि एक प्यादें उरल्यावर जय कोणाचा, या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनीं आणि निरनिराळ्या काळांनीं अगदीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. जें प्यादें एका कायद्यानें राज्य मिळवून देतें, तेंच दुसऱ्या कायद्यानें फुकट जातें.

आधीं आजचा कायदा पाहूं. बारामतीहून इंदापुराकडे जातांना अंथुर्णे हें गांव लागतें. तेथील पारावर कोळशानें चौसष्ट घरें आखावीं, दोन राजांसाठीं दोन खडे घ्यावेत आणि प्याद्यासाठीं ज्वारीचा एक दाणा. एवढ्या सामुग्रीवर जगांतील कोणत्याही ग्रंथांतला हा डाव मांडतां येतो. हस्तिदंती मोहऱ्यांची येथें गरज नाहीं. पांढऱ्याचें प्यादें राजाच्या उभ्या ओळींत पांचव्या घरावर ठेवावें, त्याचा राजा त्याच ओळींत सहाव्या घरावर, म्हणजे प्याद्याच्या एक पाऊल पुढें, आणि काळा राजा समोर आठव्या घरावर. चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. आतां प्यादें एक घर पुढें सरकवून सहाव्यावर न्यावें आणि राजा त्याच्या मागें पांचव्यावर आणावा. काळ्यानें चूक केली नाहीं तर डाव बरोबरींत सुटतो. प्यादें जितकें पुढें तितका जय जवळ, ही सर्वसाधारण समजूत येथें साफ खोटी ठरते. राजानें आपल्या प्याद्यामागें लपावयाचें नसतें. त्यानें प्याद्याच्या पुढें चालून वाट मोकळी करावयाची असते.

याचें कारण असें. दोन राजे एकाच ओळींत, मध्यें एकच घर रिकामें ठेवून समोरासमोर ठाकले, म्हणजे ज्याच्यावर चाल येते त्याला बाजूला हटावें लागतें, कारण राजाच्या शेजारच्या घरांत दुसऱ्या राजाला पाय टाकतां येत नाहीं. तेव्हां इतर सर्व डावांत जी चाल मिळणें हा लाभ, तीच येथें पुष्कळदां संकट होते. जुन्या खेळाडूंचा एक सोपा आडाखा आहे : सहाव्या घरावरचें प्यादें शह न देतां सातव्यावर पोंचलें तर जय, शह देऊन पोंचलें तर बरोबरी. कारण शह देऊन गेलें म्हणजे काळा राजा त्याच्या थेट समोरच्या घरांत येऊन बसतो. मग पांढऱ्यानें प्याद्याला टेका दिला कीं काळ्या राजाला शह नसतो आणि चालावयास घरही नसतें. टेका दिला नाहीं तर प्यादें मारलें जातें. कडेच्या, म्हणजे हत्तीच्या ओळींतल्या प्याद्याची कथा आणखी करुण. काळा राजा एकदां त्या ओळीच्या कोपऱ्यांत जाऊन बसला, कीं त्याला तेथून हुसकावण्याचा उपायच नाहीं.

प्यादें एकटें धांवत सुटलें असेल, तर त्याला गांठतां येईल कीं नाहीं हें पावलें मोजीत बसण्याचें कारण नाहीं. प्याद्यापासून शेवटच्या घरापर्यंत जितकीं घरें, तितक्याच रुंदीचा चौकोन मनांत आंखावा. शत्रूचा राजा आपल्या चालीनें त्या चौकोनांत शिरला तर प्यादें सांपडलें; बाहेर राहिला तर त्याचा वजीर झालाच म्हणून समजावें.

आतां हाच डाव जुन्या देशी पद्धतीनें पाहावा. आपल्याकडील जुन्या खेळांत प्यादें आरंभीं दोन घरें जात नसे, एकच घर चाले. किल्ला बांधण्याची युरोपीय चाल नव्हती. तिच्याऐवजीं शह बसण्यापूर्वीं राजाला एकदां घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. परंतु या भेदांपेक्षां दोन भेद फार खोल आहेत, आणि डावाच्या अखेरीचें सगळें स्वरूपच त्यांनीं पालटलें होतें.

पहिला भेद उघड्या राजाचा. ज्याचे सर्व मोहरे व प्यादीं मारलीं गेलीं आणि केवळ राजा उरला, त्याच्यावर पुरी मात होत नसे. कित्येक प्रांतांत असा डाव बरोबरीचा मानीत, कित्येक ठिकाणीं ती अर्धी मात गणली जाई. उत्तरेकडे यासाठीं फारसींतून आलेला बुर्द हा शब्द रूढ होता. याचा परिणाम असा, कीं पारावर खडे आणि ज्वारीचा दाणा मांडून वर जो जय दाखविला, तो या कायद्याखालीं जयच नव्हे. काळा राजा उघडा आहे. पांढऱ्याचें प्यादें आठव्या घरीं गेलें काय आणि न गेलें काय, पूर्ण विजय हातचा गेलेला आहे.

यावर उपाय एकच, आणि तो मोठा विलक्षण आहे. ज्याला जिंकावयाचें आहे त्यानें शत्रूचें शेवटचें प्यादें मारावयाचें नाहीं. इतकेंच नव्हे, तर तें जपावयाचें. शत्रू आपलें प्यादें मरावें म्हणून धडपडतो, तें मुद्दाम माऱ्यावर आणून ठेवतो, कारण तें मेलें कीं तो अर्ध्या अपमानावर सुटतो. आणि चढाई करणारा मात्र त्याला हात न लावतां, तें पुढें जाऊन घातकही होणार नाहीं अशी तजवीज ठेवून, दुसऱ्या बाजूनें मात साधतो. युरोपीय खेळाच्या सवयीच्या माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटतो. जुना देशी खेळ संथ आणि ओबडधोबड होता असें पुष्कळांनीं लिहून ठेवलें आहे. संथ तो होता, यांत शंका नाहीं. परंतु ज्या खेळांत शत्रूचा अखेरचा शिपाई जिवंत ठेवून त्याच्या धन्याला बांधावें लागतें, त्या खेळाला ओबडधोबड म्हणणारानें तो एकदां खेळून पाहावयास हवा होता.

त्यांतूनच आपल्याकडे प्यादेमातीला मान आला. वजिरानें मात केली तर त्यांत काय मोठेंसें? हत्तीनें केली तरी ती बळाची मात. पण ज्याला सर्वांत कमी चाल, त्या प्याद्यानें राजाला शेवटचा शह द्यावा आणि राजाला तो तोडतां येऊं नये, यांत जिंकणाराचें कौशल्य आणि हरणाराची नामुष्की दोन्ही पराकोटीला जातात. प्यादेमात हा शब्द मराठींत पटाबाहेरही वापरला जातो तो याच भावानें.

दुसरा भेद बढतीचा. आज प्यादें शेवटच्या घरीं गेलें कीं खेळाडू त्याचा बहुधा वजीर करतो, मग तें कोणत्या ओळींतून कां आलेलें असेना. जुन्या पद्धतींत तसें नव्हतें. प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरीं पोंचेल, त्या मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळे : हत्तीच्या घरीं हत्ती, घोड्याच्या घरीं घोडा, उंटाच्या घरीं उंट, राजाच्या किंवा वजिराच्या घरीं गेलें तर वजीर. कांहीं भागांत तर आपला तो मोहरा आधीं मारला गेला असेल तरच बढती मिळे, नाहीं तर प्याद्यानें जागा रिकामी होण्याची वाट पाहत अलीकडे थांबावयाचें. एखाद्या उमेदवार कारकुनासारखीच त्याची गत! या नियमामुळें आठ प्याद्यांची किंमत आठ प्रकारची झाली. मधलीं दोन प्यादीं लाखमोलाचीं; घोड्याच्या ओळींतलें प्यादें त्या मानानें हलकें. तें मोलाचें करावयाचें तर वाटेंत कांहीं तरी तिरपें मारून त्याला मधल्या ओळींकडे आणावें लागे. म्हणजे कोणतें प्यादें कोठें पोंचणार, याचा हिशेब डाव अर्धा होण्याच्या आधींपासून ठेवणें आलें.

या खेळाच्या जुन्या खुणा आपल्या बाजूच्या ग्रंथांत सांपडतात. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर हा १२ व्या शतकाच्या पूर्वार्धांत राज्य करीत होता. त्याच्या नांवावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत राजाच्या करमणुकी सांगतांना बुद्धिबळाचेंही वर्णन आलें आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे तो त्यांतील जुन्या मराठी ओळींमुळें. पटाचा भाग सहसा कोणी वाचीत नाहीं. पुढें १७ व्या शतकांत नीलकंठ भट्टानें ‘भगवंतभास्कर’ रचला. हें भट्ट घराणें मूळचें पैठणचें, काशीस जाऊन राहिलेलें. त्या ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ या भागांत, राजनीतीच्या पंक्तीला बुद्धिबळाचे नियम आणि घोडा सर्व चौसष्ट घरांतून फिरविण्याच्या युक्ति दिल्या आहेत. दंडनीति सांगणाऱ्या धर्मशास्त्र्याला हा खेळ अनुल्लेखनीय वाटला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कोंडी झालेल्या राजाचा, म्हणजे शह नाहीं पण चालही नाहीं अशा राजाचा, प्रश्न तर याहूनही जुना आहे. ९ व्या शतकांतील अरब खेळाडू अल्-अदली यानें नमूद केलें आहे, कीं हिंदुस्थानांत असा कोंडलेला राजाच जिंकला असें मानतात. त्याच्या स्वतःच्या देशांत राजा उघडा पडला कीं सामान्यतः हार होई. गमतीची गोष्ट ही, कीं १७ व्या आणि १८ व्या शतकांत इंग्लंडांतही कोंडी करणाराच हरला असें धरीत. १९ व्या शतकाच्या आरंभीं तेथें बरोबरीचा नियम स्थिर झाला. या एका नियमावर राजा-प्याद्याच्या डावाचें सारें गणित फिरतें. कोंडलेला हरला असें धरलें, तर शेवटचें एक प्यादें जवळजवळ नेहमींच जिंकील. कोंडलेला जिंकला असें धरलें, तर त्याच प्याद्याच्या धन्याला पावलोपावलीं भ्यावें लागेल.

युरोपांत प्याद्याचें दैव उघडलें तें १५ व्या शतकाच्या अखेरीस. तोंवर तेथील वजीर तिरपें एकच घर चालत असे. प्याद्याचा असा वजीर झाला तरी त्यानें फारसें कांहीं बिघडत किंवा साधत नसे. त्या सुमारास वजिराला सर्व दिशांनीं वाटेल तितकें जाण्याचें बळ मिळालें, आणि त्याबरोबरच शेवटच्या घराकडे निघालेलें प्रत्येक प्यादें भावी सेनापति झालें. या बदलाचा पुरता अर्थ उमगावयास मात्र अडीचशें वर्षें लागलीं. फ्रान्सचा फिलिदोर हा धंद्यानें संगीतकार. त्यानें १७४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत प्याद्यांची मांडणी हाच डावाचा प्राण ठरविला. तेथून पुढें हा विषय शास्त्रासारखा वाढला. १९२१ सालीं रिचर्ड रेटीनें मांडलेलें एक कूट तर प्रसिद्धच आहे. पांढऱ्याचा राजा राजाकडच्या कोपऱ्यांत, आठव्या घरावर. त्याच कडेच्या ओळींत काळ्याचें प्यादें पांढऱ्याकडून मोजल्यास पांचव्या घरावर असून तें खालीं सुटलेलें आहे. पलीकडे वजिराच्या बाजूला, उंटाच्या ओळींत पांढऱ्याचें एक प्यादें सहाव्या घरावर; आणि काळा राजा त्याच बाजूच्या अगदीं कडेच्या ओळींत, सहाव्या घरावर, त्यावर टपलेला. पांढऱ्याचा राजा चौकोनाबाहेर दोन पावलें. त्याला तें प्यादें गांठतां येत नाहीं, आणि आपल्या प्याद्याला मदतही पोंचवितां येत नाहीं. तरीही तो डाव वांचवितो. तो सरळ न जातां तिरपा जातो, आणि प्रत्येक पावलागणिक दोन्ही कामांच्या जवळ येतो. काळ्यानें एकीकडे लक्ष दिलें कीं दुसरीकडचें काम साधतें. पटावर तिरप्या वाटेला सरळ वाटेपेक्षां अधिक चाली लागत नाहींत, एवढ्या साध्या भूमितीवर हें सारें उभें आहे. पुढें १९३२ सालीं मार्सेल द्युशाँ या नामांकित चित्रकारानें हाल्बरश्टाट नांवाच्या जोडीदारासह केवळ राजा-प्याद्यांच्या डावांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांतले डाव प्रत्यक्षांत क्वचितच पडतात. परंतु चित्रकला बाजूला सारून माणूस यांत रमला, यावरून विषयाची मोहिनी कळते.

इकडे महाराष्ट्रांत, पेशवाई बुडण्यास अवघीं चार वर्षें उरलीं असतांना, १८१४ सालीं मुंबईंत एक इंग्रजी पुस्तक छापून निघालें. ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचें तें भाषांतर; कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. पुस्तकाच्या इंग्रजी नांवांतच सांगितलें आहे, कीं यांतील डाव युरोपीय खेळण्याच्या पद्धतीला जुळवून घेतलेले आहेत. हे चार शब्द फार अर्थपूर्ण आहेत. शास्त्रीबोवांची बुद्धि देशी पटावर मुरलेली. पण वाचणारा वर्ग पालटला होता, आणि पालटलेल्या वर्गापुढें जावयाचें तर उघड्या राजाचा जुना न्याय आणि ओळीप्रमाणें बढतीचा जुना कायदा घरीं ठेवून निघणें भाग होतें. तथापि जुन्याचा सुगंध पुस्तकांतून पुरता गेला नाहीं. प्याद्यानेंच मात करून दाखवा, अशा अटीचीं कूटें त्यांत आहेत, आणि ती आवड उघड उघड इकडचीच. पुस्तक निघाल्यावर तीनच वर्षांनीं, १८१७ सालीं, लंडनच्या विल्यम लुइस यानें हिंदुस्थानी चातुर्याचे मासले म्हणून हे डाव दोन भागांत तिकडे प्रसिद्ध केले. एका शास्त्र्याच्या डोक्यांतले डाव साता समुद्रांपलीकडे गेले, परंतु ज्या कायद्यानें तें डोकें घडलें तो कायदा मागेंच राहिला. मद्रासेकडे गुलाम कासम यानें कॉक्रेन नांवाच्या गोऱ्या जोडीदाराबरोबर १८२९ सालीं जें पुस्तक काढलें, तें तर पूर्णपणें युरोपीय आरंभावरचें आहे.

जुना कायदा मागें राहिला, तरी त्यानें घडविलेली नजर कशी असते, हें १०० वर्षांनंतर एका पंजाबी माणसानें जगाला दाखविलें. मीर सुलतानखान हा मिठा तिवाना गांवचा. बाळपणापासून देशी पद्धतीनें खेळलेला. त्याचे धनी सर उमर हयातखान त्याला १९२९ सालीं विलायतेस घेऊन गेले, आणि त्याच वर्षीं तो ब्रिटनचा अजिंक्य खेळाडू झाला. १९३२ व १९३३ सालीं तो मान त्यानें पुन्हां मिळविला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्सच्या सामन्यांत त्यानें कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला हरविलें. डावाच्या आरंभाची पुस्तकी विद्या त्याला नव्हती. आरंभीं तो अनेकदां अडचणींत सांपडे, आणि मग मोहरे कमी होत आले, पट मोकळा होऊं लागला, कीं त्याचा हात वर येई. जाणत्यांनीं याचें श्रेय त्याच्या उपजत बुद्धीला दिलें आहे आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या खेळांत प्यादें एकेक घर चालतें आणि तें कोठें पोंचणार याची चिंता पहिल्यापासून वाहावी लागते, त्या खेळाची तालीमही त्यांत धरली पाहिजे.

१९३३ च्या अखेरीस सुलतानखान स्वदेशीं परतला. नंतर १९३५ सालीं त्याची गांठ एका महाराष्ट्रीय खेळाडूशीं पडली. व्ही. के. खाडिलकर यांच्याशीं त्याचा दहा डावांचा सामना झाला. त्यांपैकीं एक डाव खाडिलकरांनीं बरोबरींत सोडविला. बाकीचे नऊ सुलतानखानानें जिंकले. आंकडा एकतर्फी दिसतो, पण ज्याच्यापुढें कापाब्लांका हरला त्याच्याकडून अर्धा गुण घेणें ही लहान गोष्ट नव्हे. हा सुलतानखानाचा अखेरचा मोठा सामना ठरला. त्यानंतर तो आपल्या शेतीकडे वळला आणि १९६६ सालीं वारला. जागतिक संघटनेनें त्याला सन्मानपूर्वक ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनीं.

देशी कायदा महाराष्ट्रांतील मोठ्या सामन्यांतून याच सुमारास मावळत गेला. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकरांच्या खटपटीनें १९४१ सालीं नूतन बुद्धिबळ मंडळ उभें राहिलें, आणि तेथून पुढच्या पिढ्या आंतरराष्ट्रीय नियमांवर तयार झाल्या. १९५५ सालीं एलुरू येथें पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तींत आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या हे दोघे बरोबरीनें पहिले आले. १९७४ सालीं स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. या सर्व पटांवर प्यादें पहिल्या चालीला दोन घरें जात होतें, कोणत्याही ओळींतून आलें तरी त्याचा वजीर होत होता, आणि उघड्या राजाला कसलीच दयामाया नव्हती.